मज्जन, स्नान, बाप्तिस्मा : एका शब्दाच्या भाषांतराचा इतिहास

१

इंग्रजीतील ‘इमर्शन’ या शब्दाला मराठीत निमज्जन, अवगाहन, बुडविणे आणि क्वचित विसर्जन असे अनेक प्रतिशब्द दिले जातात. त्यांपैकी ‘निमज्जन’ हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याचे सख्खे भावंड होय. लॅटिनमधील ‘मेर्गेरे’ (बुडविणे) आणि संस्कृतातील ‘मज्ज्’ (बुडणे) हे एकाच इंडो-युरोपीय धातूचे वंशज आहेत. मूळ धातूतील ‘झ्ग्’ या जोडव्यंजनाचे लॅटिनमध्ये ‘र्ग्’ आणि संस्कृतात ‘ज्ज्’ झाले. परंतु शब्दांचे कुळ एक असले म्हणून त्यांचा संसार एक असतोच असे नाही. युरोपात या शब्दाने अनेक शास्त्रांत प्रवेश केला. बृहस्पतीचा उपग्रह ग्रहाच्या छायेत शिरतो त्या घटनेला ज्योतिर्विदांनी हेच नाव दिले, आणि अशाच घटनांच्या वेळांतील फरकावरून ओले रोमर याने १६७६ मध्ये प्रकाशाला वेग असतो हे दाखविले. १८७८ मध्ये येना येथे एर्न्स्ट आबे याने सूक्ष्मदर्शकाचे भिंग आणि काचपट्टी यांमध्ये तेलाचा थेंब ठेवण्याची पद्धत सिद्ध केली. तिलाही तैलनिमज्जन असेच म्हणतात. १९६५ मध्ये कॅनडातील माँट्रिऑलनजीकच्या सेंट लॅम्बर्ट या गावी इंग्रजीभाषक मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधूनच शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि भाषाशिक्षणातही हा शब्द रूढ झाला.

या सर्व अर्थांच्या मागे उभा असलेला आणि सर्वांत अधिक वाद माजविणारा अर्थ मात्र धार्मिक आहे. ख्रिस्ती धर्मात प्रवेश करताना व्यक्तीला पाण्यात पूर्णपणे बुडवावे, की तिच्या मस्तकावर पाणी ओतले किंवा शिंपडले तरी चालेल, हा प्रश्न युरोपात शतकानुशतके चर्चिला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हा प्रश्न बंगालमध्ये एका नव्या रूपाने उभा राहिला. तेथे तो विधीचा राहिला नाही, भाषांतराचा झाला. बायबलमधील एका ग्रीक क्रियापदाला भारतीय भाषेत कोणता शब्द योजावा, यावरून लंडन आणि न्यूयॉर्क येथील बलाढ्य संस्थांत फूट पडली. त्या वादाचे स्वरूप काय होते, त्यातील दोन्ही पक्षांनी भाषेविषयी कोणती गृहीते धरली होती, आणि मराठीने याच प्रश्नाला कोणते उत्तर दिले, यांचा विचार येथे केला आहे.

२

वादाच्या मुळाशी असलेले ग्रीक क्रियापद ‘बाप्तिझेइन’ हे होय. ‘बाप्तेइन’ म्हणजे बुचकळणे किंवा रंगात घालणे. त्यापासून हे दुसरे क्रियापद सिद्ध झाले आहे. ख्रिस्तपूर्व ग्रीक वाङ्मयात ते धार्मिक नाही. पॉलिबियस या इतिहासकाराने ते बुडणाऱ्या जहाजांच्या संदर्भात योजले आहे. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये ॲरिस्टोफेनिस आदल्या रात्रीच्या मद्यपानात आपण कसे ‘बुडालो’ होतो हे याच क्रियापदाने सांगतो. प्लूटार्कने ते कर्जात बुडालेल्या माणसाविषयी वापरले आहे. मराठी वाचकाला यात काही नवल वाटणार नाही. कर्जात बुडणे आणि व्यसनात बुडणे हे प्रयोग त्याच्याही नित्याच्या बोलण्यातले आहेत.

हिब्रू धर्मग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात नामान हा कुष्ठरोगी सेनापती यार्देन नदीत सात वेळा बुडी घेतो, तेथे हेच क्रियापद येते. नव्या करारात मात्र त्याचा विस्तार झालेला दिसतो. योहान लोकांना नदीत जो विधी देतो त्याला ते लावले आहे. परंतु भोजनापूर्वीच्या शुद्धिकर्मालाही ते लावले आहे, आणि त्यापासून झालेले नाम पेले व भांडी धुण्यालाही लावले आहे. बुडविणे हाच अर्थ मानणाऱ्यांनी पहिल्या प्रकारच्या स्थळांवर भर दिला, धुणे किंवा शुद्ध करणे असा व्यापक अर्थ मानणाऱ्यांनी दुसऱ्या प्रकारच्या स्थळांवर. दोघांचेही आधार ग्रंथातलेच होते.

आरंभीच्या ख्रिस्ती समाजाचा आचारही एकेरी नव्हता. ‘दिदाखे’ या प्राचीन आचारग्रंथात वाहत्या पाण्यात हा विधी करावा, तसे पाणी नसेल तर दुसऱ्या पाण्यात, आणि तेही पुरेसे नसेल तर मस्तकावर तीनदा पाणी ओतावे असे सांगितले आहे. हा ग्रंथ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगालमधील वादाच्या वेळी तो कोणाच्याही हाती नव्हता.

३

ग्रीक भाषेबाहेर पडताना या शब्दाचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. लॅटिनने त्याचे भाषांतर करण्याऐवजी तो उचलून ‘बाप्तिझारे’ असा आपल्या भाषेत ठेवला. तेथून तो फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. जर्मानिक भाषांनी निराळा मार्ग धरला. चौथ्या शतकात वुल्फिला याने गॉथिक भाषेत बायबल आणले तेव्हा त्याने ‘दाउप्यान’ हे देशी क्रियापद योजले. जर्मन ‘टाउफेन’ आणि डच ‘डोपेन’ ही त्याचीच भावंडे होत. ‘खोल’ या अर्थाच्या विशेषणाशी त्यांचे नाते आहे. म्हणजे मूळ अर्थ ‘खोल घालणे’ असा. मार्टिन ल्यूथरने १५१९ च्या आपल्या प्रवचनात या व्युत्पत्तीचा मुद्दाम निर्देश करून, बुडविणे हेच शब्दाला अधिक अनुरूप असल्याचे म्हटले.

तथापि ज्या जर्मनांच्या शब्दात खोली होती, त्यांच्या चर्चमध्ये पुढे मस्तकावर पाणी ओतण्याचीच चाल रूढ झाली. आज जर्मन भाषक जहाजाचे नामकरण करतानाही ‘टाउफेन’ म्हणतो, आणि ते जहाज बुडावे अशी त्याची मुळीच इच्छा नसते. उलट इंग्रजीतील शब्द संपूर्णपणे अपारदर्शक असूनही १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथाने बालकाला तीनदा पाण्यात बुचकळण्याची आज्ञा दिली होती, व दुर्बल बालकापुरतीच ओतण्याची सवलत ठेवली होती. पारदर्शक शब्दाने आचार टिकविला नाही आणि अपारदर्शक शब्दाने तो नष्ट केला नाही. पुढील वादात हा पुरावा दोन्ही पक्षांना उपलब्ध होता. त्याचा बोध कोणीच घेतला नाही.

४

इंग्लंडमधील बॅप्टिस्ट पंथ हा प्रौढ वयात, समजून-उमजून आणि पाण्यात पूर्णपणे बुडूनच धर्मप्रवेश झाला पाहिजे असे मानणारा होता. या पंथाच्या मिशनची स्थापना १७९२ मध्ये झाली आणि १७९३ मध्ये विल्यम कॅरी बंगालमध्ये उतरला. १८०० पासून हुगळीच्या तीरावरील श्रीरामपूर या तत्कालीन डॅनिश वसाहतीत त्याचे, जॉशुआ मार्शमनचे व विल्यम वॉर्डचे कार्य सुरू झाले. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराचा धर्मप्रवेश हुगळी नदीत झाला. गंगेच्या याच प्रवाहात नित्य हजारो लोक स्नान करीत होते. पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते एक स्नान होते. करणाऱ्यांच्या दृष्टीने ते मरण आणि पुनरुत्थान यांचे चिन्ह होते. एकाच कृतीला दोन समाजांनी दिलेल्या अर्थांमधील हे अंतर भाषांतरकारांना पुढे शब्दात भरून काढावयाचे होते.

१८०१ मध्ये कॅरीच्या बंगाली नव्या कराराचे प्रकाशन झाले. मराठीशीही या मंडळींचा निकटचा संबंध आला. फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीही शिकवीत असे. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये व मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले; या कामी वैद्यनाथ पंडित याचे त्याला साहाय्य होते.

बॅप्टिस्ट भाषांतरकारांची भूमिका सरळ होती. ग्रंथातील प्रत्येक शब्दाचे, लोकांना कळेल अशा शब्दाने भाषांतर करावयाचे. मग याच एका क्रियापदाचा अपवाद कशासाठी? म्हणून त्यांनी ‘बुडविणे’ या अर्थाचाच शब्द योजला. विल्यम येट्स आणि त्याचे सहकारी यांनी कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या संस्कृत भाषांतरात या विधीला ‘मज्जन’ आणि योहानाला ‘मज्जयिता’ म्हटले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हे प्रयोजक रूप निर्दोष आहे. ‘इमर्शन’चे सख्खे भावंड असलेला शब्द अशा रीतीने प्राचीन भारतीय भाषेतून ख्रिस्ती विधीसाठी उभा राहिला.

५

या भाषांतरांच्या मुद्रणासाठी पैसा लागे, आणि त्याचा मोठा स्रोत १८०४ मध्ये लंडन येथे स्थापन झालेली ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी हा होता. ही संस्था विविध प्रॉटेस्टंट पंथांच्या सहकार्यावर उभी होती. म्हणून टीप किंवा भाष्य यांविना केवळ मूळ ग्रंथ छापावयाचा, असा तिचा मूलभूत नियम होता. येट्स आणि विल्यम पीअर्स यांच्या १८३३ च्या बंगाली नव्या करारावरून कलकत्त्यातील इतर पंथांच्या मिशनऱ्यांनी हरकत घेतली. ‘बुडविणे’ हा शब्द योजणे म्हणजेच भाष्य करणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रंथ वाचणारा बंगाली मनुष्य, आमच्या मंडळींना पाणी शिंपडून धर्मात घेतले म्हणजे त्यांचा विधीच झाला नाही, असे म्हणेल, ही त्यांची भीती निराधार नव्हती. सोसायटीने ग्रीक शब्द तसाच ठेवावा, किंवा सर्व पंथांना मान्य होईल असा शब्द घालावा, अशी अट घातली. बॅप्टिस्टांनी ती नाकारली आणि मदत थांबली.

पीअर्सने मग अमेरिकेकडे पाहिले. तेथील अमेरिकन बायबल सोसायटीकडे १८३५ मध्ये हा प्रश्न आला, आणि फेब्रुवारी १८३६ मध्ये तिने निर्णय दिला की, प्रचलित इंग्रजी बायबलची तत्त्वे पाळणाऱ्या भाषांतरांनाच साहाय्य मिळेल. या ठरावातील तर्क विलक्षण आहे. इंग्रजीत तो शब्द परका राहिला, याला लॅटिन आणि फ्रेंच यांचा अनेक शतकांचा इतिहास कारण होता. त्या ऐतिहासिक योगायोगाला नियमाची प्रतिष्ठा देऊन तो बंगालीवर लादला गेला. बंगालीचा लॅटिनशी संबंध काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

परिणाम दूरगामी झाले. अमेरिकेतील बॅप्टिस्टांनी १८३६–३७ मध्ये अमेरिकन अँड फॉरेन बायबल सोसायटी ही स्वतंत्र संस्था काढली. इंग्लंडमध्ये १८४० साली बायबल ट्रान्सलेशन सोसायटी स्थापन झाली. बंगालीसाठी जो न्याय मागितला तो इंग्रजीलाही लावला पाहिजे, असे म्हणणारा गट पुढे निघाला आणि १८५० मध्ये अमेरिकन बायबल युनियन अस्तित्वात येऊन, ‘इमर्स’ हे क्रियापद घातलेला इंग्रजी नवा करारही तिने प्रसिद्ध केला. भारतीय भाषेच्या निमित्ताने उभा राहिलेला प्रश्न अशा रीतीने इंग्रजीच्या घरापर्यंत पोहोचला. चीनमध्येही हाच प्रकार घडला. तेथे एका पक्षाने ‘भिजविणे, बुडविणे’ या अर्थाचा आणि दुसऱ्याने ‘धुणे’ या अर्थाचा शब्द धरला. १९१९ च्या प्रसिद्ध चिनी बायबलच्या या एका शब्दापुरत्या भिन्न अशा आवृत्त्या काढाव्या लागल्या.

६

वादात दोन्ही पक्षांनी भाषेविषयी एकेक गृहीत धरले होते. बॅप्टिस्टांचे गृहीत असे की, धातूचा अर्थ तोच शब्दाचा अर्थ. हे खरे असते तर जर्मनांनी पाणी ओतावयास नको होते. सोसायटीचे गृहीत असे की, शब्द परका ठेवला म्हणजे भाषांतरकार तटस्थ राहतो. हेही खरे नाही. न कळणारा शब्द समाजापुढे ठेवणे म्हणजे त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार ग्रंथाकडून काढून उपदेशकाच्या हाती देणे होय. भाषांतर टाळणे हाही भाषांतराचाच एक प्रकार आहे. त्यात निर्णय वाचकाच्या दृष्टीआड होतो, एवढाच फरक.

भारतीय भाषांकडे पाहिले असता या दोन मार्गांखेरीज तिसराही मार्ग होता असे दिसते. तमिळमध्ये ‘ज्ञानस्नानम्’ आणि कन्नडमध्ये ‘दीक्षास्नान’ हे शब्द रूढ आहेत. येथे पाण्याचे प्रमाण किती, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. स्नान या परिचित कृतीला ज्ञान किंवा दीक्षा हे प्रयोजन जोडले आहे. मलयाळममध्ये प्राचीन सिरियाई ख्रिस्ती परंपरेने आपल्या धर्मभाषेतून ‘मामोदीसा’ हा शब्द आणला आणि तो लोकभाषेत मुरला. हिंदी, तेलुगू व मराठी यांत ग्रीक शब्द थोड्याफार फरकाने तसाच आला. म्हणजे कोठे कृतीचे भाषांतर झाले, कोठे प्रयोजनाचे, आणि कोठे भाषांतर झालेच नाही.

७

महाराष्ट्रात श्रीरामपूरच्या भाषांतराचा टिकाऊ ठसा उमटला नाही. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने स्वतंत्रपणे काम आरंभून १८२६ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. संपूर्ण बायबल १८४७ मध्ये झाले. हे मिशनरी बॅप्टिस्ट नव्हते. बालकांना पाणी शिंपडून चर्चमध्ये घेण्याची चाल त्यांच्यात होती. मराठी प्रॉटेस्टंट व्यवहारात ‘बाप्तिस्मा’ हाच शब्द स्थिरावला. त्याच्या अंती असलेले ‘मा’ हे ग्रीक नामाचे प्रत्ययरूप आहे. इंग्रजी उच्चारापेक्षा हा शब्द ग्रीकला जवळ आहे.

मराठीत ‘बुडविणे’ का आले नाही, याचे कारण केवळ मिशनऱ्यांच्या पंथात शोधणे अपुरे ठरेल. ते या मराठी क्रियापदाच्या स्वभावातही आहे. मराठीत पैसे बुडतात, धंदा बुडतो, दिवस बुडतो, तास बुडतो. पेशवाई बुडाली असे लोक १८१८ नंतर म्हणत आले. कुळाचे नाव बुडविणारा तो कुळबुडव्या. धर्म बुडाला, हा तर परधर्माच्या प्रसाराविषयीचा नेहमीचा आक्रोश. अशा भाषेत धर्मप्रवेश देणाऱ्या पुरुषाला ‘बुडविणारा योहान’ म्हणणे म्हणजे विरोधकाच्या हाती आयती शिवी देणे झाले असते. शिवाय मराठी ‘बुडणे’ यात वर येणे अभिप्रेत नाही. आणि मरण व पुनरुत्थान यांचे चिन्ह व्हावयाचे तर वर येणे हाच विधीचा उत्तरार्ध. पाण्यात घालून लगेच काढणे यासाठी मराठीत ‘बुचकळणे’ हा नेमका शब्द आहे. परंतु तो धुण्याच्या बालदीचा आणि रंगाऱ्याच्या कढईचा. ग्रीक ‘बाप्तेइन’ही रंगाऱ्याच्या कामाचा शब्द होता, हे खरे, पण मराठी ‘बुचकळणे’ तेथेच राहिले.

याच ठिकाणी ‘विसर्जन’ या शब्दाची तुलना उपयोगी पडते. मूर्ती पाण्यात सोडणे हा त्याचा आजचा ठळक अर्थ असला तरी त्याच्या घटनेत पाणी कोठेच नाही. ‘सृज्’ म्हणजे सोडणे. ‘वि’ या उपसर्गाने निरोप देण्याचा अर्थ येतो. आवाहनाने जे दैवत आणले त्याला विसर्जनाने परत पाठवावयाचे. अनेक पूजांत ते केवळ अक्षता वाहून होते. सभेचे आणि विधानसभेचे विसर्जन कोरडेच असते. जर्मनमध्ये शब्द खोलीचा आणि कृती ओतण्याची. मराठीत शब्द निरोपाचा आणि कृती बुडविण्याची. गणपती ‘बुडविला’ असे मराठी माणूस म्हणत नाही. तो ‘पोचविला’ म्हणतो, ‘विसर्जन केले’ म्हणतो. पवित्र वस्तू पाण्याखाली जाते तेव्हा मराठी भाषा त्या कृतीचे नाव न घेता तिच्या हेतूचे नाव घेते. ज्या भाषेचा कल असा आहे तिच्यात ‘मज्जन’ रुजणे कठीणच होते. वसईच्या मराठी कॅथलिक परंपरेतील ‘स्नानसंस्कार’ हा शब्द या कलाशी अधिक जुळणारा आहे.

‘बाप्तिस्मा’ हा परका शब्दही मराठीत अर्थशून्य राहिला नाही. मराठीच्या वाक्यरचनेने त्याला अर्थ पुरविला. मराठीत स्नान ‘करतात’ किंवा ‘घालतात’; बाप्तिस्मा मात्र ‘देतात’ आणि ‘घेतात’. दीक्षा, मंत्र, उपदेश, संन्यास यांच्याबरोबर येणारी हीच क्रियापदे आहेत. ज्या शब्दाच्या धातूत पाण्याखेरीज दुसरे काही नव्हते, त्याला मराठीने पाण्याच्या वर्गातून काढून दीक्षेच्या वर्गात बसविले. हे कोणा भाषांतरकाराने ठरविले नव्हते. कन्नडने जे सामासिक शब्दाने सांगितले, ते मराठीने केवळ क्रियापदाच्या निवडीने साधले.

८

शब्दाचा हा प्रवास केवळ कोशातला नव्हता. माणसांची आयुष्ये त्यात गुंतली होती. १८३९ मध्ये मुंबईत धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्याने शहर ढवळून निघाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी मुंबईतील स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केले. श्रीपतने बाप्तिस्मा घेतला नव्हता. तरीही मिशनऱ्यांच्या घरी राहून अन्नव्यवहार केल्यामुळे सनातनी समाजाच्या दृष्टीने तो बाटला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांना मोठ्या विरोधाशी झगडावे लागले.

या प्रसंगात दोन शब्दांमधील दरी स्पष्ट दिसते. मिशनच्या दप्तरी सीमारेषा पाण्याची होती. समाजाच्या मनात ती अन्नाची होती. ‘बाप्तिस्मा’ म्हणजे बुडविणे की शिंपडणे, यावर लंडन व न्यूयॉर्क भांडत असताना येथील समाजाला त्या प्रश्नात काडीचेही स्वारस्य नव्हते. त्याचा शब्द ‘बाटणे’ हा होता, आणि त्याला पाण्याचा एक थेंबही लागत नव्हता.

पाण्याची भाषा हिंदू धर्मशास्त्राला अपरिचित होती असे मात्र नव्हे. पतिताला जिवंतपणीच मृत मानून आप्तांनी उदक द्यावे व पाण्याने भरलेला घट लवंडावा, असा विधी मनुस्मृतीत सांगितला आहे. घटस्फोट तो हाच. याच शब्दाला पुढे पतिपत्नींच्या विभक्तपणाचा अर्थ आला. प्रायश्चित्तानंतर त्याच मनुष्यासह पवित्र जलाशयात स्नान करून नवा, पाण्याने भरलेला घट त्यात टाकावा, असेही तेथे विधान आहे. नव्या करारात पौलाने बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबरचे दफन म्हटले आहे. म्हणजे पाण्याने मनुष्याला एका समाजापुरते मृत व दुसऱ्यापुरते जिवंत ठरविण्याची कल्पना दोन्ही परंपरांत होती. परक्या शब्दाच्या आड ही समानता झाकली गेली. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला. परंतु आप्तांच्या घरातले त्याचे स्थान कायद्याने परत मिळणारे नव्हते.

हा शब्द भिंत होऊन बसला आहे, याची जाणीव मराठी ख्रिस्ती समाजातही होती. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान दिले. बुडविणे की शिंपडणे हा प्रश्न त्यांनी सोडविला नाही. तो ज्या उंबरठ्यावर उभा होता तो उंबरठाच त्यांनी ओलांडला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि हा प्रयोग वाढू शकला नाही.

९

या इतिहासातून भाषांतरविचाराला मिळणारा बोध थोडक्यात सांगता येईल. बॅप्टिस्टांचा आग्रह पंथनिष्ठ असला तरी त्यामागील तत्त्व आदरणीय होते. वाचकाला त्याच्या भाषेत कळावे, त्याच्यासाठी दुसऱ्याने अर्थ राखून ठेवू नये, असे ते म्हणत होते. त्यांची चूक एवढीच की, अर्थ धातूत साठविलेला असतो आणि तो धातूबरोबर नव्या भाषेत नेता येतो, असे त्यांनी मानले. ‘मज्ज्’ आणि ‘मेर्गेरे’ यांचे मूळ एक असले, तरी मज्जनाभोवती संस्कृतात जे अर्थवलय होते ते लॅटिनमध्ये नव्हते, आणि ‘बुडविणे’ याभोवती मराठीत जे आहे ते ग्रीकमध्ये असले तरी ख्रिस्ती ग्रीकमध्ये मागे पडले होते. सोसायटीची चूक अधिक गंभीर होती. आपला शब्द परका आहे म्हणून तो निरुपद्रवी आहे, असे तिने मानले. परक्या शब्दाने पंथापंथांतला कलह शमला असेल. परंतु धर्म बदलणाऱ्या मराठी माणसाला आपल्या आप्तांस काय घडले हे सांगण्यासाठी आपल्या भाषेतला शब्द उरला नाही. आप्तांकडे मात्र शब्द तयार होता, आणि तो ‘बाटला’ हा होता.

भाषांतरकाराने रिकामी ठेवलेली जागा भाषा रिकामी ठेवीत नाही. मराठीने ती दोन बाजूंनी भरली : आत असलेल्यांनी ‘देणे-घेणे’ या क्रियापदांनी, आणि बाहेर असलेल्यांनी ‘बाटणे’ या शब्दाने.